झुरळांचं पाणी तोडा

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकच्या सिडकोत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीआधी पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कंत्राट दिलं. त्यांचा माणूस दर तीन महिन्यांनी येतो, ‘हर्बल आहे, वास येत नाही’ म्हणत ओट्याखाली फवारून जातो. आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता तर मिक्सरच्या बुडातून आणि फ्रिजच्या दाराच्या रबरातून बारकी झुरळं निघतात. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला दमा आहे आणि रात्री खोकला वाढतो. घर स्वच्छ ठेवते, तरी कुणी स्वयंपाकघरात आलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. शेजारचे म्हणतात, शेतीच्या दुकानातून नुवान आणून मारा. आणखी कडक औषध मारून घेऊ का?
— एक गृहिणी, सिडको

उत्तर : नाही. कडक औषध नको, आणि नुवान तर मुळीच नको. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. 31 डिसेंबर 2020 पासून भारतात त्यावर बंदी आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी बाटली पडलेली असेल, ती तुमच्या घरात येऊ देऊ नका. दम्याच्या मुलाच्या घरात तर कोणताच फवारा नको, अगदी दुकानात मिळणारा सुगंधी स्प्रेसुद्धा.

आणि आधी एक सांगते, लाज वाटून घेऊ नका. मी राहुरीला कीटकशास्त्र शिकले आणि पुढे नाशिकमध्येच पेस्ट कंट्रोलचं काम केलं. लखलखीत स्वयंपाकघरांतही मी हेच झुरळ पाहिलं आहे. ते तुमच्या घरात बहुतेक एखाद्या खोक्यातून आलं असणार. किराण्याचं पुठ्ठ्याचं खोकं, अंड्यांचा ट्रे, कुणाकडून घेतलेला जुना फ्रिज, द्राक्षांच्या हंगामात नातेवाइकांनी पाठवलेली पेटी. पुठ्ठ्याच्या आतल्या पोकळ नळ्यांमध्ये ते आरामात प्रवास करतं.

तुम्ही ज्या जागा लिहिल्यात त्यावरून हे जर्मन झुरळ आहे. खात्री करून घ्या: लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, रंग फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. पंख असतात, पण उडत नाही. नाव जर्मन असलं तरी 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे 2100 वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून ते वेगळं झालं, तेही भारत किंवा म्यानमारच्या भागात. माणसाच्या घराबाहेर ते जवळजवळ राहतच नाही. म्हणून गटारात औषध ओतून त्याचं काही बिघडत नाही. ते बहुतेक तुमच्या ओट्यापासून दोन-चार फुटांतच राहतं, तिथेच खातं, तिथेच पितं.

आता फवारणी का फसते ते बघा. ‘हर्बल’ म्हणून जे मारतात ते बहुतेक वेळा पायरेथ्रॉईड गटातलं रसायन असतं. त्याचा वास माणसाला येत नाही, पण झुरळाला ते झोंबतं. जी उघड्यावर असतात ती मरतात. बाकीची आणखी खोल पळतात, म्हणजे फ्रिजच्या मोटारीत, मिक्सरमध्ये, स्विचबोर्डाच्या मागे. मादी अंड्यांची पिशवी पोटाला चिकटवूनच फिरते आणि पिल्लं निघायच्या बेतात आल्यावरच टाकते. एका पिशवीत 30 ते 40 अंडी. पिशवीतल्या अंड्यांना फवारा लागत नाही. उबदार स्वयंपाकघरात पिल्लाचं दोन महिन्यांत मोठं झुरळ होतं, आणि जी औषधाला पुरून उरली त्यांचीच प्रजा पुढे वाढते. म्हणजे तुमचं कंत्राट सुरू आहे आणि त्याबरोबर औषधाला दाद न देणारी झुरळंही तयार होत आहेत. त्या माणसाला पुढच्या वेळी औषधाचा मूळ डबा दाखवायला सांगा. रसायनाचं नाव वाचा, परवाना विचारा. डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. बिनडब्याचं, पाण्याच्या बाटलीत ओतून आणलेलं औषध घरात मारू द्यायचं नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी.

मग करायचं काय? पहिलं काम पाण्याचं. अन्नाशिवाय झुरळ बरेच दिवस तग धरतं, पाण्याशिवाय त्याचे हाल लवकर होतात. आपण मात्र रात्री सगळं झाकून ठेवतो आणि सिंक ओलं सोडतो. आज रात्रीपासून झोपण्यापूर्वी सिंक कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं आणि भांडी घासायची घासणी ओट्यावर ठेवू नका, बाल्कनीत वाळत टाका. सिंकखालच्या कपाटात हात घालून पाइपचा सांधा चाचपा. थेंब गळत असेल तर प्लंबर बोलवा, तो खर्च पेस्ट कंट्रोलपेक्षा जास्त कामाचा आहे. फ्रिजच्या मागे खाली मोटारीजवळ पाण्याचा ट्रे असतो, तो कित्येक घरांत कधीच काढलेला नसतो. ऊब, अंधार आणि पाणी एकाच ठिकाणी, त्याला आणखी काय हवं! तो ट्रे काढून धुवा. प्लग काढूनच मागे हात घाला. वॉटर प्युरिफायरच्या खालची ओल आणि माठाच्या तिवईखालचं ताटही बघा.

दुसरं काम शोधायचं. रात्री बाराच्या सुमारास, स्वयंपाकघर दोन तास अंधारात राहिल्यावर, टॉर्च घेऊन आत जा आणि ती कुठे पळतात ते फक्त बघा. मारायला धावू नका. जिथे शिरली ती त्यांची जागा. दिवसा जिथे चहाच्या भुकटीसारखे काळे कण दिसतात, बिजागरीत, ट्रॉलीच्या पट्टीमागे, सिलिंडरच्या कपाटाच्या कोपऱ्यात, तिथेही खूण करा. कडाप्प्याचा ओटा असेल तर कडाप्पा आणि भिंत यांमधली फट नक्की तपासा. दोन-तीन मिलिमीटरची फट पिल्लांना पुष्कळ होते.

तिसरं काम जेलचं, आणि ते याच क्रमाने. जेल म्हणजे झुरळांनी खावं म्हणून लावायचं घट्ट आमिष; त्यात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा इंडोक्झाकार्ब असं एखादं कीटकनाशक अगदी थोड्या प्रमाणात असतं. ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके खूण केलेल्या जागी द्यायचे: बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या रुळामागे, फ्रिजखाली, ओट्याच्या खालच्या कडेला. मोठा गोळा एका जागी लावण्यापेक्षा छोटे ठिपके पुष्कळ ठिकाणी. झुरळ ते खातं, आपल्या लपण्याच्या जागी जाऊन मरतं, आणि बाकीची त्याची विष्ठा आणि प्रेतंही खातात. त्यातून औषध पिल्लांपर्यंत पोचतं, जी स्वतः फारशी बाहेर येत नाहीत. जेल लावलेल्या जागी फिनेल, स्प्रे, खडूची रेघ काहीही नको. त्याचा वास लागला की झुरळ जेलला तोंड लावत नाही. कंत्राटवाल्यालाही या काळात फवारू देऊ नका. पैसे भरले आहेत म्हणून मारून घ्यायचं, असं करू नका.

दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा द्या, कारण तोवर पिशव्यांतून नवी पिल्लं निघालेली असतात. खाल्लेच गेले नाहीत तर दुसऱ्या रसायनाचं जेल आणा. काही ठिकाणची जर्मन झुरळं गोडालाच नाक मुरडतात. ग्लुकोज टाळणाऱ्या झुरळांची शास्त्रीय नोंद 1993 सालची आहे. मूल लहान आहे, म्हणून हात पोचेल अशा उघड्या जागी जेल नको. बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या आपल्याकडे जुन्या आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो, पण सात वर्षांच्या मुलाच्या घरात त्या जमिनीवर ठेवायला मी सांगणार नाही. गोळी त्याला खाऊच वाटेल.

मुलाच्या खोकल्याबद्दल. झुरळाची विष्ठा, लाळ आणि कात यांतली प्रथिनं दम्याच्या मुलांना त्रास देतात, हे पक्कं माहीत असलेलं आहे. डॉक्टरांना घरात झुरळं आहेत हे आवर्जून सांगा. झुरळं मेल्यावरही कचरा राहतोच, म्हणून कपाटं कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडून त्याच्याच छातीत जाईल. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं टाकून द्या, मग कपाट कोरडं करा. त्या वेळी मुलाला आजीकडे किंवा खाली खेळायला पाठवा.

आणि सोसायटीत बोला. पाइपांच्या डक्टमधून ती खालीवर जातात. एका उभ्या रांगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत एकाच आठवड्यात जेल लागलं तर महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो. एकट्या तुमच्या घरात लावलं तर वेळ लागेल, पण फरक पडेल. शेजारणींना हा अंक दाखवा.

प्रश्न : आम्ही दर वर्षी एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरतो. गेल्या पावसाळ्यात सोंडे झाले, अर्धी कोठी वाया गेली. या वर्षी निफाडच्या मामेभावाने शेतावरून गोळ्या दिल्या आहेत. म्हणतो, कापडात बांधून कोठीत दोन टाका, वर्षभर बघायला नको. कोठी आमच्या आतल्या खोलीत असते, तिथेच सासूबाई झोपतात. टाकू ना?
— वाचक, मखमलाबाद

उत्तर : टाकू नका! तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी संपादकांना फोन करून तुम्हाला निरोप द्यायला सांगितला. तरीही इथे छापते आहे, कारण अशा गोळ्या जिल्ह्यात किती घरांत असतील या विचाराने मला झोप लागत नाही.

त्या गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या आहेत. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या उंचीवर साठतो. दाराखालून, भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत जातो. त्याच्यावर उतारा औषध नाही. ही गोळी गोदामासाठी आहे, तीही प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, जागा हवाबंद करून. राहत्या घरात वापरायला परवानगीच नाही.

डबी बंद असेल तर ती उघडू नका. पाण्यात, मोरीत, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आणि घंटागाडीत तर देऊच नका, तिथे ओलाव्यात वायू सुटेल आणि गाडीवरच्या माणसांच्या जिवावर बेतेल. घराबाहेर, कोरड्या, कुलपाच्या, हवेशीर जागी ठेवा आणि भावाला सांगून जिथून आणली तिथे परत द्या. कुणाच्या कोठीत गोळ्या आधीच टाकल्या असतील तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी घराबाहेर पडायचं. स्वतः कोठी उपसायला जायचं नाही. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, छाती आवळल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात गोळीचं नाव सांगा. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर थांबून शोधत बसू नका.

आता गव्हाचं. सोंड्यांची अंडी दाण्याच्या आत असतात, शेतातून नाहीतर गोदामातून येतात. तुमच्या कोठीची चूक नाही. गहू नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस खडखडीत वाळवा, दाताखाली कटकन फुटला पाहिजे. घरात आणून पूर्ण थंड होऊ द्या. गरम भरला तर आत घाम धरतो. कोठी रिकामी असतानाच पुसून, उन्हात ठेवून घ्या, जुन्या गव्हाचे दाणे तळाशी राहू देऊ नका. सगळा गहू एका कोठीत न भरता घट्ट झाकणाच्या चार डब्यांत भरा, म्हणजे एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायला हरकत नाही, मीही घालते, पण खरं काम उन्हाचं आणि घट्ट झाकणाचं. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात नको. बोरिक पावडर लावलेले तांदूळही नको, खाण्याच्या वस्तूत बोरिक मिसळायला आपल्याकडे परवानगी नाही. रवा आणि मैदा थोडाच आणा, आणल्यावर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे अंडी मरतात. आणि घर लहान असेल तर वर्षाचा साठा करूच नका. दर दोन महिन्यांनी गहू आणणं हा कमीपणा नाही.

प्रश्न : रविवार कारंजाजवळ आमचा जुना वाडा आहे. पावसाळ्यात मोरीतून बोटाएवढी तांबडी झुरळं येतात, काही उडून अंगावर बसतात. मोरीत डांबरगोळ्या टाकतो, उकळतं पाणी ओततो, रॉकेलही ओतून झालं.
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, रॉकेल बंद करा, आग लागेल. डांबरगोळ्यांनी फक्त वास येतो. ही अमेरिकन झुरळं. साडेतीन-चार सेंटिमीटर, तांबूस तपकिरी, गटारात आणि चेंबरमध्ये राहणारी. मोठा पाऊस झाला, गोदावरीचं पाणी चढलं की गटारं भरतात आणि ती कोरड्या जागेकडे वर येतात. तुमच्या घरात ती राहत नाहीत, वाट मिळाली म्हणून येतात. म्हणून औषधापेक्षा गवंडी आणि प्लंबर बोलवा. मोरीला पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून गटाराची वाट बंद ठेवणारा वाकडा भाग, आहे का ते बघायला सांगा. जुन्या वाड्यांत मोरीचं भोक थेट गटाराला जोडलेलं असतं, तिथे नहाणी ट्रॅप बसवला की निम्मा प्रश्न सुटतो. ट्रॅप असूनही वापरात नसलेल्या मोरीचं पाणी वाळतं, तिथे आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. वर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी. चेंबरचं झाकण तुटलं असेल तर ते बदला, कडा सिमेंटने भरा. खरखटं मोरीत राहू देऊ नका. एवढं करूनही आली तर चेंबरच्या आत, पाण्याच्या पातळीच्या वर जेल लावता येतं.

वाड्याच्या लाकडाबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे. खांबाच्या बुडाशी मातीची नळी दिसते ती वाळवीच. नळी मोडून टाकणं हा उपाय नाही, ती रात्रीत नवी बांधते. ती जमिनीतून येते, म्हणून खांबाभोवतीच्या जमिनीत भोकं पाडून औषध सोडावं लागतं. उभ्या इमारतीसाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313, भाग 3. काम देताना त्या मानकाप्रमाणे करणार का, हे लेखी मागा. आणि खांबाजवळची ओल आधी काढा, नाहीतर ती पुन्हा येईल.

प्रश्न : मी गंगापूर रोडला पीजीमध्ये राहतो. रात्री हातावर ओळीने पुरळ उठतं, गादीच्या शिवणीत काळे ठिपके आहेत. मालक म्हणतात, गादी उन्हात टाक. टाकली, काही उपयोग नाही. यातून काही आजार होईल का? घरी आईला सांगायची भीती वाटते.
— कॉलेज विद्यार्थी

उत्तर : ढेकूण आहेत. आईला सांग, यात भिण्यासारखं काही नाही. ढेकणातून आजार पसरत नाहीत. खाजवून जखम करू नकोस, एवढं सांभाळ.

ऊन पुरत नाही, कारण ढेकूण आणि त्याची अंडी मरायला गादीच्या आतपर्यंत 50 अंशांच्या आसपास उष्णता पोचावी लागते. नाशिकचा मे महिना 40 च्या आगेमागे, आणि ते सावलीच्या बाजूला सरकतात. चादरी, उशीचे अभ्रे, कपडे खूप गरम पाण्यात धुवायचे. कॉट लोखंडी असेल तर बाहेर नेऊन सांध्या-सांध्यांत उकळतं पाणी ओत, जपून. पलंगाचे खिळे, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, बॅगेच्या शिवणी, सगळं बघ. गादी दुसऱ्या खोलीत नेऊन टाकू नकोस, ते तिकडे पसरतील. आणि शेतातलं औषध गादीवर मारून त्यावर झोपणं हा जिवाशी खेळ आहे, कुणी सुचवलं तरी नको. ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने राहतो, म्हणून खोली बंद ठेवूनही जात नाही. सगळ्या खोल्यांचं काम एकदम झालं पाहिजे आणि ते मालकांचं काम आहे. तुम्ही सगळे मिळून लेखी द्या.

पंचवटीतल्या लॉज आणि धर्मशाळा चालवणाऱ्या वाचकांनाही सांगते. 2027 च्या सिंहस्थाला देशभरातून माणसं आणि वळकट्या येणार. गाद्यांना धुता येतील अशा चेनच्या खोळी आत्ताच शिवून घ्या.

प्रश्न : प्लगमध्ये लावायचं ‘आवाजाने किडे पळवणारं’ यंत्र ऑनलाइन मिळतं. घेऊ का? आणि घरात पाली आहेत, त्यांचं काय?
— वाचक, इंदिरानगर

उत्तर : घेऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 साली अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60 हून अधिक कंपन्यांना, दावे सिद्ध करा, असं बजावलं होतं. पाली राहू द्या, त्या किडेच खातात. किडे कमी झाले की त्याही कमी होतील.

प्रश्न : लग्नातली येवल्याची पैठणी बाहेर काढली तर पदराजवळ बारीक भोकं. कपाटात डांबरगोळ्या होत्या तरी. दुसऱ्या कपाटात नातीचे कपडेही त्याच गोळ्यांत ठेवले आहेत.
— एक आजी, नाशिकरोड

उत्तर : आजी, नातीचे कपडे आधी बाहेर काढा. ते धुवा, दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, मगच घाला. काही बाळांच्या रक्तात जी सिक्स पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वाफेने फुटून कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीच नको.

पैठणी रेशमाची, म्हणून तिला कसर लागते, आणि कसरीला खायची ओढ घामाच्या, जेवणाच्या डागांमुळे जास्त असते. समारंभातून आल्यावर साडी तशीच घडी करून ठेवू नका, एक रात्र वाऱ्यावर टाका आणि डाग असेल तर ड्रायक्लीन करून मगच ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट होतं. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. कपाटाचा तळ आणि कोपरे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, कारण अळ्या साडीत कमी आणि फटीत जास्त असतात. भोकं पडलेली साडी दोन-तीन दिवस बाकीच्यांपासून वेगळी ठेवून सावलीत झटका, मग रफू करणाऱ्याकडे द्या. येवल्याला विणकरांकडे नेलीत तर पदराचे धागे ते जुळवून देतात. पावसाळा संपल्यावर सगळ्या साड्यांच्या घड्या उलट्या मोडून पुन्हा ठेवत जा.